कोरा करून मिळेल

अकोल्यात बसस्टँडामागच्या गल्लीत दाऊद मिस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे जेमतेम खोली. दोन गिऱ्हाइकं आत आली की मिस्त्रीचं स्टूल बाहेर काढावं लागतं. पण दारावरची पाटी मात्र ऐटीत लांबलचक आहे : ‘नवा किंवा जुना कॉम्प्युटर, मोबाईल कोरा करून मिळेल.’ बाहेरगावचा माणूस ती वाचून थबकतो. दाम मोजून आणलेली वस्तू कोरी कशाला करायची? अकोल्याच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. ते नवा फोन घेतात आणि काचेवरचं प्लास्टिक न काढता तडक दाऊदकडे येतात. म्हणतात, “भाऊ, कंपनीनं याच्यात काय काय भरून देल्लं, पाहा बरं. तेवढं काढून द्या.”

दाऊद चष्मा चढवतो आणि एकेक काढायला बसतो. पत्त्यांचे खेळ, घरबसल्या कर्ज देणारे ॲप, हवामान सांगणारे, आणि नेमकं काय करतात हे वरच्यालाच ठाऊक असे चार-दोन. काही निघतात, काही मेले चिकटूनच बसतात, त्यांची निदान तोंडं बंद करावी लागतात. गिऱ्हाईक हसत घरी जातं. दाऊदही हसतो, पण जरा कमी. कारण हाच दाऊद सतरा वर्षांपूर्वी बाळापुरात असलाच माल लोकांच्या घरोघर नेऊन बसवत होता, तोही मोठ्या अभिमानानं. तेव्हाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, ‘फुल लोड करून मिळेल.’

तो काळच तसा होता. आपल्याकडे भाजी घेतली की वरून चार मिरच्या पडल्याच पाहिजेत. नाही पडल्या तर माणूस भाजीवालीच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. कॉम्प्युटरलाही लोकांनी तोच नियम लावला. बाळापूरजवळच्या एका खेड्यातले किसनराव हे बागाईतदार गृहस्थ. सीमा नावाच्या लेकीसाठी त्यांनी कॉम्प्युटर आणला, बैठकीत मांडला, नारळ फोडला आणि दाऊदला बोलावलं. दाऊदनं सगळं बसवून दिलं. किसनरावांनी पडद्याला बोट लावून एकेक चित्र मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“शेजारच्या देवानंदच्या मशीनमंधी चौदा चित्रं हायत. माह्या मशीनमंधी अकराच कावून?”

दाऊदनं निमूटपणे आणखी तीन टाकली. वर हौसेनं इंटरनेटच्या पानाला चार पट्ट्याही लावून दिल्या. एक शोधायची, एक हवामानाची, एक हसऱ्या चेहऱ्यांची आणि एक कशाची ते त्यालाही माहीत नव्हतं. आता खऱ्या पानाला चार बोटं जागा उरली. पण घर कसं भरल्यासारखं दिसत होतं! किसनराव खूश झाले आणि त्यांनी दाऊदला जेवूनच जा म्हटलं.

या सगळ्या मालाची एक सीडी होती. दाऊदनं ती स्वतः तयार केली होती आणि तिच्यावर निळ्या पेनानं, वळणदार अक्षरात ‘दाऊद फुल लोड’ असं लिहिलं होतं. फुकटचे प्रोग्राम त्यानं कुठून कुठून उतरवून घेतले होते. प्रत्येक प्रोग्राम बसवताना इंग्रजीत पानंच्या पानं समोर यायची आणि खाली ‘नेक्स्ट’ लिहिलेलं असायचं. दाऊद ती पानं वाचत नसे. वाचायची असतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. बोट असं चालायचं की बघणारा म्हणायचा, हात पाहा मिस्त्रीचा! दुसऱ्या मिस्त्रीला जिथं दुपार लागे तिथं दाऊद चहा निवायच्या आत मोकळा. पंचक्रोशीत त्याचं नाव झालं ते या बोटामुळे, आणि नाव गेलं असतं तेही याच बोटामुळे. पण ते गेलं नाही. दुसऱ्याच कुणाचं गेलं.

बाळापुरात किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा दीपमाला मॅडमचा मुलींचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन मशीन, एक पंखा आणि नऊ मुली. दोन्ही मशीन दाऊदनंच भरून दिलेल्या. त्या नऊ मुलींत हसनैन सायकलवाल्याची माहेनूर सगळ्यांत चलाख. दहावीला तालुक्यात उर्दू माध्यमात पहिली आली होती, वय सोळा, आणि तिला अमरावतीला पॉलिटेक्निकला जाऊन कॉम्प्युटरच शिकायचा होता. हसनैन म्हणजे कडक माणूस. पण पोरीचे मार्क पाहून तोही विरघळला आणि हो म्हणाला. हो म्हणायला त्याला पंधरा दिवस लागले होते, ही गोष्ट वेगळी.

दोन हजार बाराच्या जूनमधली ती दुपार. प्रवेशाचा फॉर्म भरायचा म्हणून मॅडमनी इंटरनेटचं डोंगल आणलं होतं. माहेनूर खुर्चीवर बसली, बाकीच्या आठ जणी मागं उभ्या राहिल्या, दोघींच्या आया कौतुकानं बघायला आल्या. डोंगल जोडलं. फॉर्मचं पान उघडायच्या आतच पडद्यावर एक खिडकी उघडली आणि तिच्यात एक उघडीनागडी बाई. माहेनूरनं घाबरून ती बंद केली तर दुसरी उघडली. ती बंद केली तर तिसरी. शेवटी मॅडमनी वायरच उपटली.

चहाची वेळ होईस्तोवर गोष्ट अर्ध्या बाळापुरात गेली होती, आणि जाताना तिला पाय, शिंगं, शेपूट सगळं फुटलं होतं. मॅडमनी दाऊदला बोलावलं. तो आला तेव्हा हसनैन दारात उभा होता, हाताला सायकलच्या चेनचं काळं ऑइल तसंच. माहेनूर भिंतीला टेकून उभी होती. दाऊदनं मशीन चालू केली. पानाच्या वर ती पट्टी होती, हसऱ्या चेहऱ्यांची. ती त्याच्याच सीडीतली होती, आणि ह्या खिडक्या तीच उघडते हे त्याला तिथल्या तिथं कळलं. कारण महिनाभरात आणखी दोन ठिकाणांहून हीच तक्रार आली होती.

“दाऊद,” हसनैन म्हणाला, “तू जाणकार माणूस. सांग मले. हे काय झालं?”

खोलीत दहा-बारा माणसं होती. बाहेर आणखी वीस. दाऊदची बायको शकीला तेव्हा पहिल्या खेपेला गरोदर होती, दुकान नुकतं कुठं चालायला लागलं होतं. माझ्याच सीडीतून आलं म्हटलं असतं तर उद्या पाटी उतरवावी लागली असती. हे सगळं त्याच्या डोक्यात एका श्वासात येऊन गेलं, आणि त्या श्वासाबरोबरच तोंडातून शब्द निघून गेले.

“पोरीनं कुठंतरी दाबलं असंल, हसनैनभाई.”

बस्स, एवढंच वाक्य. गावात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या दिवसांत मशीनला काही झालं तर समोर बसलेल्यानंच काहीतरी केलेलं असणार, असाच सगळ्यांचा समज होता. मशीन कशी चूक करेल? हसनैन वळला. पोरीला घेऊन गेला. फॉर्म भरला गेला नाही. आठ दिवसांत बाकीच्या मुलीही क्लासला यायच्या बंद झाल्या, आणि दिवाळीआधी दीपमाला मॅडम अमरावतीला निघून गेल्या.

पुढच्या वर्षी दाऊदही अकोल्याला आला. धंदा वाढवायचा म्हणून आलो, असं तो सांगतो. खरं सांगायचं तर त्याच्या घरापासून दुकानाच्या वाटेवर हसनैनचं सायकलचं दुकान पडत होतं, आणि रोज त्या दारासमोरून जाणं त्याच्यानं होईना.

अकोल्यात आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे तो ती पानं वाचायला शिकला. इंग्रजी यथातथाच, पण डिक्शनरी घेऊन तो एकेक पान लावू लागला. तेव्हा त्याला दिसलं की त्या पानांवर एक बारीकसा चौकोन असतो आणि त्यात बरोबरची खूण आधीच मारून ठेवलेली असते. ‘हेही बसवा, तेही बसवा, मला मान्य आहे.’ आपण काही न करता आपला होकार घेतलेला.

लोकही हळूहळू शहाणे झाले. आधी ‘फुकट आहे ना, असू दे’ म्हणायचे. मग ‘हे मधी मधी काय येते?’ म्हणू लागले. मग फोन आले आणि जाहिराती थेट उशाशी येऊन बसल्या, तेव्हा मात्र साध्यासुध्या बाया-माणसांनाही कळायला लागलं की हे आपल्या बोटाचं पाप नाही. मागच्याच वर्षी एक भाजीवाली, पार्वताबाई तिचं नाव, फोन घेऊन आली आणि काउंटरवर आपटून म्हणाली, “म्या काईच दाबलं नाई. हे त्याईनंच घालून पाठवलं. काढ!” दाऊदनं काढून दिलं. एवढंच तर बोलायचं होतं त्या दिवशी कुणीतरी. एवढंच.

यंदा जानेवारीत दीपमाला मॅडमचा फोन आला. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्याच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर बदलले, त्यातले सहा त्यांनी मागून घेतले होते.

“टेम्पोत टाकून पाठवले तुमच्याकडे. त्याइले चांगले कोरे करा, दाऊदभाई. बाळापूरले मुलींचा क्लास सुरू होऊन राहिला.”

“कोण चालवून राहिलं?”

“माहेनूर. हसनैनभाईची. तिनंच मले शोधून काढलं.”

दाऊदनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

चौथ्या दिवशी माहेनूर स्वतः दुकानात आली. एकोणतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. नवरा गुलफाम ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बाळापुरातच दिली आहे, आणि आख्ख्या मोहल्ल्याचे फॉर्म तीच फोनवरून भरून देते. “सलाम, चाचा,” म्हणून ती स्टुलावर बसली आणि मशीन न्याहाळू लागली. तिच्या बोलण्यात कुठं खोच नव्हती. असती तर दाऊदला बरं वाटलं असतं.

“कधी सुरू करतं क्लास?” त्यानं विचारलं.

“जागा भेटली की. अब्बाचं सायकलचं दुकान बंद पडलं हाय, घुडघे गेले त्याईचे. तीच खोली मांगून राहिली मी. रस्त्यावर हाय, घराले लागून हाय, आयाइले पोरी पाठवाले भेव नाई. पण अब्बा चाबी देत नाई.”

“कावून?”

तिनं बोटानं टेबलावरची धूळ पुसली. “म्हणतात, एकदा त्या मशीननं मान खाली घालाले लावली, तेवढं पुरे झालं. त्याइची खोली हाय, मी काय बोलू? दुसरी जागा गावात कोणी पोरीच्या क्लासले देत नाई.”

ती गेली. दाऊदनं त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं. घरी येऊन शकीलाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. इतक्या वर्षांत तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं. शकीला तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला, आणि ऐकून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

“मंग इथं कावून बसले तुमी? बाळापूरची गाडी नाई का?”

“तो मले दारात उभा करणार नाई.”

“नोको करू दे. त्या पोरीले कोणं उभं केलं होतं? उठा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मशीन रिक्षात घालून दाऊद बाळापूरला पोचला. सोबत एक वस्तू होती. पेटीच्या तळातून शोधून काढलेली ती सीडी, निळ्या अक्षरांची.

हसनैन ओसरीत खाटेवर बसला होता. दाढी पांढरी झालेली, आवाज तोच. “ये दाऊद. लई दिवसानं वाट चुकला.” माहेनूरनं चहा आणला. दाऊदनं चहाला हात लावला नाही. त्यानं मशीन खाटेसमोरच्या तिपाईवर मांडली, जोडली, सीडी आत सारली.

“हसनैनभाई, मले काईतरी दाखवाचं हाय. हे माहीच सीडी, हे अक्षर माहं. माहेनूर, आता पान येईन, ते अब्बाले वाचून दाखव.”

पडद्यावर पान आलं. खाली बारीक चौकोन, चौकोनात खूण. माहेनूरनं वाचलं आणि बापाला समजावून सांगितलं, की या पट्टीला तुमच्या मशीनमध्ये बसू द्या, तिला वाटेल तेव्हा जाहिराती दाखवू द्या, असं इथं लिहिलं आहे.

“आन् हे टिक कोणं केली?” हसनैननं विचारलं.

“कंपनीवाल्याईनंच करून ठेवेल असते,” दाऊद म्हणाला. “आपण काढली नाई तर आपण हो म्हटलं असं धरतात. क्लासच्या मशीनमंधी हे म्या बसवलं होतं, हसनैनभाई. न वाचता. त्या दिवशी तुमच्या पोरीनं फक्त इंटरनेट जोडलं. खिडक्या आपोआप उघडल्या.”

“मंग पोरीनं दाबलं काय?”

“काईच नाई.”

“तुले हे कधी मालूम झालं?”

“त्याच टायमाले. तुमी इचारलं तवा.”

“आन् तू मले काय सांगतलं?”

“खोटं सांगतलं.”

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल कुरकुरत गेली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हसनैनचं लक्ष तिच्या चेनकडे गेलं. दाऊदला वाटलं, आता हा उठेल, आता काठी घेईल. घेतली असती तर त्यानं खाल्ली असती. पण हसनैननं दाऊदकडे पाहिलंच नाही. तो पोरीकडे बघत होता.

“तू तथीच उभी होती,” तो म्हणाला. “भिताडाले टेकून. चार हातावर. आन् म्या याले इचारलं. तुले इचारलंच नाई, बेटा.”

“हो अब्बा,” माहेनूर म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, पण डोळे भरून आले होते.

दाऊदनं मान खाली घातली. “माहेनूर, चुकलो मी. तुहं कॉलेज गेलं माह्यामुळं.”

“मले तवाच मालूम होतं, चाचा. ते पट्टी आमच्या शेजारच्याच्या मशीनमंधी बी होती. तथी बी खिडक्या उघडत होत्या. म्या अम्मीले सांगतलं, फुफीले सांगतलं. त्या म्हणत, मिस्त्रीपेक्षा तुले जास्त समजते काय?” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “कोणी म्हणाले पाहिजे होतं फक्त. आता म्हटलं तुमी.”

हसनैन खाटेवरून कष्टानं उठला. दाऊद हात द्यायला पुढं झाला तर त्यानं तो झटकला. भिंतीच्या खुंटीवरून दुकानाची किल्ली काढली आणि माहेनूरच्या हातात दिली. मग पहिल्यांदा दाऊदकडे वळला.

“मले माफीगिफी सांगू नोको. मी तुह्यावर आज बी नाराज हाय, उद्या बी राहीन. पण साहीच्या साही मशीनी तूच आणून बसवशीन. आन् पानं माहेनूर वाचंन. ते हो म्हणंन तवाच तू दाबशीन.”

“हो, हसनैनभाई.”

“आता चहा घे. थंडा झाला.”

आठ दिवसांनी सहाही मशीन त्या खोलीत मांडल्या गेल्या. भिंतीवर टायर टांगायचे आकडे तसेच होते, त्यांवर मुलींनी आपली दप्तरं अडकवली. पहिल्या दिवशी अकरा मुली आल्या. दीपमाला मॅडम अमरावतीहून पेढे घेऊन आल्या आणि दारातच रडायला लागल्या, मग स्वतःलाच हसल्या. हसनैन उंबऱ्याशी स्टूल टाकून बसला होता, येणाऱ्या प्रत्येक पोरीला नाव विचारत होता आणि विसरत होता.

शेवटच्या मशीनवर लिहिण्याचा प्रोग्राम बसवायचा होता. दाऊद समोर बसला, माहेनूर त्याच्या खांद्याशी उभी राहिली, अकरा मुली तिच्या मागं दाटीनं उभ्या राहिल्या. पान आलं. दाऊदचं बोट जुन्या खोडीनं खाली गेलं.

“थांबा चाचा,” माहेनूर म्हणाली. “वाचून राहिली ना मी.”

दाऊदनं माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. ती मोठ्यानं, एकेक ओळ बोटानं दाखवत मुलींना वाचून दाखवू लागली. पान लांब होतं. खालपर्यंत जायला तिला बराच वेळ लागला, आणि मधूनच एखादी मुलगी काही विचारायची तेव्हा ती पुन्हा मागं जायची. दाऊदनं एकदा दाराकडे पाहिलं.

“वाचू दे तिले,” स्टुलावरून हसनैन म्हणाला.